निःशेष न झालेला नहपान

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिचा जो प्रसिद्ध लेख आहे, तो आपल्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पुष्कळ वाचला गेला. वाङ्मय म्हणून मात्र फारसा वाचला गेला नाही. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी ही वृद्ध माता आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणवर्णन दगडावर कोरवून घेते. लेख प्राकृतात आहे आणि त्याचा घाट पुढे संस्कृत गद्यकाव्यात स्थिर झालेल्या दीर्घ समासयुक्त प्रशस्तीचा आहे. त्या विशेषणांच्या माळेत दोन विशेषणे जवळजवळ आली आहेत. एकात गौतमीपुत्र हा शक, यवन आणि पह्लव यांचा संहारक ठरतो. दुसऱ्यात तो क्षहरात वंशाचा मागमूस न ठेवणारा ठरतो. पह्लव म्हणजे पार्थियन, इराणच्या पठारावर रोमशी टक्कर देणाऱ्या साम्राज्याचे लोक आणि त्यांच्या सिंधकाठापर्यंत पसरलेल्या शाखा. क्षहरात म्हणजे प्रामुख्याने एकच माणूस : नहपान.

या नहपानाची स्वतःची प्रशस्ती उपलब्ध नाही. त्याच्या तोंडचे एकही वाक्य आपल्यापर्यंत आलेले नाही. जे आहे ते जावयाचे, मुलीचे, अमात्याचे, एका ग्रीक व्यापाऱ्याचे, शत्रूचे, आणि कित्येक शतकांनंतरच्या एका जैन कथाकाराचे. तरीही पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गुजरात, माळवा आणि राजस्थानचा काही भाग यांवर ज्याचा अंमल चालला, त्या राजाचे राज्य या परक्या साधनांतूनच इतके स्पष्ट दिसते, की अनेक प्रशस्तिसंपन्न राजांविषयी तसे म्हणता येणार नाही. विजेत्याच्या विशेषणाला आपण इतिहास मानले आणि पराभूताच्या दानपत्रांना तपशील. आमच्या मते हा क्रम एकदा उलटा करून पाहायला हवा.

प्रथम नावाविषयी. ‘नहपान’ हे नाव इराणी वळणाचे आहे. लोकांचा रक्षक असा त्याचा अर्थ लावला जातो. ‘क्षत्रप’ ही पदवीही तिकडचीच. प्राचीन इराणी सम्राटांचे प्रांताधिकारी ज्या नावाने ओळखले जात, त्याचेच हे भारतीय रूप. ग्रीकांनी त्याचे सत्रप केले. नहपानापूर्वी याच घराण्यातला भूमक तांब्याच्या नाण्यांवरून माहीत आहे. त्या नाण्यांवर बाण आणि वज्र यांच्यासोबत सिंहशीर्ष आणि धर्मचक्रही आहे. उषवदात हा नहपानाचा जावई स्वतःला शक म्हणवतो. तेव्हा नहपानाला सरळ पार्थियन राजा म्हणणे धाडसाचे होईल. पण शक आणि पह्लव यांच्या सीमारेषा त्या काळी आपल्या पाठ्यपुस्तकांतल्याइतक्या ठळक नव्हत्या. इराणी नावे, इराणी पदव्या आणि शक कुळे हे मिश्रण सीस्तानपासून सिंधपर्यंत एकच होते. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात वायव्येस गुदफर (ग्रीक रूप गोंडोफेरस) या पार्थियन वंशाच्या राजाने मोठे राज्य उभारले, आणि त्यानंतर सिंधमध्ये पार्थियन सरदार एकमेकांना सतत हुसकून लावीत होते, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वृत्तांताचा अनाम लेखक नमूद करतो. नहपानाचे राज्य या धुमश्चक्रीच्या दक्षिण किनाऱ्यावर उभे आहे.

त्याच्या काळाविषयी वाद आहे. नाशिकच्या लेखांत ४१, ४२, ४५ ही वर्षे येतात आणि जुन्नरला अयम नावाच्या त्याच्या अमात्याने पाण्याची पोढी व मंडप दान दिला त्या लेखात ४६ हे वर्ष येते. ही वर्षे इ. स. ७८ पासूनच्या शकाची मानली तर तो दुसऱ्या शतकाच्या पहिल्या पादात, इ. स. १२४ च्या सुमारास, राज्य करीत असावा. आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुस्तकांत हेच मत आहे. परंतु ‘पेरिप्लस’ पहिल्या शतकाच्या मध्याचा आहे आणि त्यात भडोचच्या मुलखाचा राजा म्हणून ‘मानबानोस’ असे एक नाव येते, ते नहपानाचेच अपभ्रष्ट रूप दिसते. शिवाय कच्छातील अंधौ येथील चष्टनाचा शक ११ चा, म्हणजे इ. स. ८९ चा, लेख डॉ. शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केल्यानंतर पहिल्या मताची बाजू आणखी अवघड झाली. कारण शक ४१ ते ४६ या काळात चष्टनाच्या शेजारी नहपानाला बसवायला जागा उरत नाही. आज अनेक अभ्यासक नहपानाला पहिल्या शतकाच्या तिसऱ्या पादात ठेवतात आणि त्याचा पाडाव ७८ च्या आसपास धरतात. आम्हांला हेच मत अधिक पटते.

आता त्याचा चेहरा. नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जोगलटेंभी या गावी १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला : तेरा हजार दोनशे पन्नासांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. दर्शनी बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा मुखवटा, मागील बाजूला बाण आणि वज्र. राजाचे नाव तीन लिप्यांत आहे : ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरांत जे लिहिले आहे त्याची भाषा मात्र ग्रीक नाही. तिथेही ‘राजा क्षहरात नहपान याचे’ हेच प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत उतरवले आहेत. मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटू नये. खरोष्ठी ही वायव्येची लिपी नाशिकात किती जणांना वाचता येत होती हा प्रश्नच आहे. ती वाचण्यासाठी नसून आपण कुठून आलो ते सांगण्यासाठी असावी. मुखवटे सगळे एकसारखे नाहीत. काही तरुण, काही वृद्ध, काहींचे नाक वेगळे, काहींची हनुवटी वेगळी. इतके, की हा साठा प्रथम अभ्यासणारे रेव्हरंड स्कॉट यांना ही एकाच कुळातल्या अनेक राजांची नाणी असावीत अशी शंका आली होती. दीर्घ कारकीर्द आणि अनेक टांकसाळी-कारागीर एवढ्याने हा फरक समजू शकतो.

या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापली आहेत. नहपानाची नाणी वितळवून नवी पाडण्याची तसदी न घेता त्याच्या मुखवट्यावर तीन कमानींच्या पर्वताचे चिन्ह, मागे उज्जैनचे चिन्ह आणि स्वतःचे नाव असा ठसा सरळ मारला. पुष्कळ नाण्यांवर ठशाच्या कडेला जुन्या राजाचे नाक, कान, केस अजून दिसतात. राजकीय पराभवाचे इतके शब्दशः चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण दुसरी गोष्टही लक्षात घ्यायला हवी : ही चांदी चालत होती, बाजाराचा तिच्यावर विश्वास होता, आणि विजेत्याला ती फेकून देणे परवडणारे नव्हते. साठ्यातली एक-तृतीयांशाच्या आसपास नाणी तर ठशाविनाच राहिली.

ही चांदी आली कुठून, याचे उत्तर ‘पेरिप्लस’ देतो. बारिगाझा म्हणजे भडोच. तेथे इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळे येई. सोन्याचांदीची रोमन नाणी येत आणि स्थानिक नाण्यांशी बदलून त्यांवर नफा मिळे. राजासाठी खास चांदीची भांडी, गाणारी मुले, जनानखान्यासाठी सुंदर मुली, उंची मद्य आणि सुगंधी लेपही आणले जात. परतीचा माल पैठणहून आणि तेरहून बैलगाड्यांनी येई. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेर तिथून पूर्वेस आणखी दहा दिवसांवर, असे हा लेखक सांगतो. कल्याणविषयी तो एक लहानशी नोंद करतो. पूर्वी हे रीतसर व्यापारी बंदर होते. आता तिथे चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षहरात यांच्या वैराचे आर्थिक कारण या एका नोंदीत आहे. घाटमाथ्यावरचा माल कोणत्या बंदरात उतरणार, ही ती लढाई होती. नाशिक, जुन्नर, कार्ले या लेण्यांचे स्थान पाहिले तर ती घाटांच्या तोंडाशी आहेत, आणि नहपानाचे लेखही नेमके तिथेच आहेत.

त्या लेखांतला सर्वांत बोलका लेख नाशिकच्या दहाव्या लेण्यात आहे. लिहविणारा उषवदात, दिनीकाचा पुत्र, नहपानाची कन्या दक्षमित्रा हिचा पती. त्याच्या दानांची यादी वाचताना दमछाक होते : तीन लाख गायी, बार्णासा नदीवर सुवर्णदान आणि घाट, देवब्राह्मणांना सोळा गावे, वर्षभर लाख ब्राह्मणांना भोजन, प्रभासक्षेत्री आठ ब्राह्मणांच्या विवाहांचा खर्च. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे उतारूंसाठी चौक असलेली निवासस्थाने. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर पुण्यार्थ नावा, आणि त्यांच्या काठांवर सभागृहे व पाणपोया. दमणगंगा आणि डहाणूची खाडी यांची नावे ज्याने ऐकली आहेत त्याला हा मार्ग लगेच ओळखू येईल : भडोचहून सोपाऱ्याकडे जाणारी ही किनारपट्टीची वाट आहे. दानाच्या भाषेत कोरलेली ही सार्वजनिक बांधकामाची नोंदवही आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे भाषेकडे पाहावे. लेखाचा पहिला भाग जवळजवळ शुद्ध संस्कृतात आहे. मग एकाएकी निवेदन तृतीय पुरुषातून प्रथम पुरुषात येते : स्वामींच्या आज्ञेने मी पावसाळ्यात मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखाला सोडवायला गेलो, आणि मालय केवळ गर्जनेने पळाले. येथपासून संस्कृत ढासळू लागते. प्राकृत रूपे घुसतात. त्यानंतर पुष्करला जाऊन स्नान, तीन हजार गायी, एक गाव. शेवटी एक व्यवहार : अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापण मोजून शेत विकत घेतले आणि लेण्यातल्या भिक्षूंच्या अन्नासाठी दिले. पुण्याची सांगता ठरीव संस्कृतात करता येते. मोहीम आणि जमिनीचा सौदा सांगायला बोलती भाषा लागते. सातवाहन हे एतद्देशीय राजे प्राकृताला चिकटून राहिले आणि शकांनी मात्र संस्कृत जवळ केले, याचा परमोत्कर्ष पुढे इ. स. १५० च्या रुद्रदामनच्या जुनागढ लेखात दिसतो. त्या वाटेवरचे हे नाशिकचे पहिले, अडखळते पाऊल आहे. देशीय कोण आणि परकीय कोण, हे भाषेवरून ठरवायचे झाले तर आपली पंचाईत होईल.

याच लेण्यातला वर्ष ४२ चा लेख हिशेबाचा आहे. उषवदाताने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडायची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. ‘कोलिकनिकाय’ असा शब्द आहे. आपल्या विदर्भातले कोष्टी म्हणावेत अशी ही मंडळी. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, उरलेले एक हजार शेकडा पाऊण दराने. पहिल्या व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. गणित करून पाहावे : दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस भिक्षूंचे बारा-बाराप्रमाणे दोनशे चाळीस. एक कवडीही इकडची तिकडे नाही. हे सर्व नगरसभेत ऐकवून फलकावर नोंदवले गेले. सुवर्णाचा भाव पस्तीस कार्षापण होता हेही येथेच कळते, कारण दोन हजार सुवर्णांचे मूल्य सत्तर हजार असे स्पष्ट दिले आहे. राजाच्या जावयाने ठेव विणकरांकडे ठेवावी आणि ती चालावी, यात त्या राज्याच्या स्थैर्याची जी साक्ष आहे ती कोणत्याही प्रशस्तीत नाही.

दक्षमित्रेचा स्वतंत्र लेखही तेथे आहे, एका ओळीचा. वडिलांचे नाव, पतीचे नाव आणि दान : एक ‘ओवरक’. मंदिराच्या आवारातली आपली ओवरी ती हीच. शकांची मुलगी ज्या शब्दाने आपले दान सांगते तो शब्द दोन हजार वर्षे मराठीच्या घरात नांदतो आहे.

या दानशूरतेला एक विलक्षण उत्तरकथा लाभली. ‘आवश्यक’ सूत्रावरील जैन टीकावाङ्मयात भरुकच्छाचा राजा नहवाहन आणि पैठणचा शालिवाहन यांची कथा येते. नहवाहनाकडे कोश समृद्ध, शालिवाहनाकडे सैन्य समृद्ध. शालिवाहन दरवर्षी वेढा घालतो. नहवाहन शत्रूसैनिकांची डोकी आणणाऱ्यांना भरघोस बक्षिसे देतो आणि वेढा फसतो. अखेर शालिवाहन आपल्या मंत्र्याला खोटेच हाकलून देतो. तो मंत्री भडोचला येऊन नहवाहनाचा विश्वास संपादन करतो आणि त्याला पुण्यकर्मांची गोडी लावतो. देवळे, स्तूप, तळी, विहिरी यांत खजिना रिता होतो. पुढच्या वेढ्याच्या वेळी बक्षिसाला पैसा उरत नाही आणि नगर पडते. ही लोककथेच्या घाटाची कथा आहे, तिला इतिहास मानू नये. पण उषवदाताची ती लांबलचक यादी, गायी, घाट, धर्मशाळा, नावा, कुठेतरी लोकस्मृतीत उरली होती आणि तिचे रूपांतर पराभवाच्या कारणात झाले, असे वाटते खरे. स्वतःच्या शिलालेखात जे पुण्य, ते शत्रूच्या गोष्टीत मूर्खपण.

प्रत्यक्ष पाडावाची खूण मात्र कोरडी आणि अधिक परिणामकारक आहे. गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षीचा आदेश त्याच्या विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला सुटतो : पश्चिम कखडी गावातले दोनशे निवर्तने शेत, जे आजवर उषवदाताकडे होते, ते त्रिरश्मी डोंगरावरच्या प्रव्रजितांना द्यावे. कार्ल्यालाही करजिक हे उषवदाताने दिलेले गाव त्याच वर्षी नव्या राजाच्या नावाने भिक्षूंना पुन्हा दिले जाते. नाण्यांचे जे झाले तेच दानांचे झाले. शेत तेच, भिक्षू तेच, ठसा नवा. गौतमीपुत्रांच्या तिसऱ्या लेण्याचा आराखडादेखील नहपानाच्या दहाव्या लेण्यावरून उचललेला आहे, हे दोन्ही लेणी एकामागोमाग पाहिली की सहज ध्यानात येते. (दहाव्या लेण्यातला भिंतीवरचा स्तूप पुढे कोणी भैरवात बदलला, ठशांची परंपरा इथेही थांबत नाही.)

आणि मग सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरा आदेश निघतो. या वेळी राजासोबत राजमाताही आहे. कखडीचे जे शेत दिले होते ते कसले जात नाही, गाव ओसाड आहे. म्हणून नगराच्या हद्दीवरचे शंभर निवर्तने राजशेत भिक्षूंना द्यावे. ओसाड पडण्याचे कारण लेख देत नाही. युद्धानंतर सहा वर्षे एक गाव वस्तीला आलेले नाही एवढेच त्यात आहे, आणि ते प्रशासकीय गद्यात आहे. त्याच बलश्रीच्या पुढच्या लेखातला प्रजेच्या सुखदुःखाशी समरस असणारा पुत्र ज्यांनी वाचला आहे, त्यांनी हा चार ओळींचा आदेशही शेजारी ठेवून वाचावा. पहिला वाङ्मय आहे, दुसरा वाङ्मय होण्याच्या इच्छेपासून मुक्त आहे.

क्षहरात घराणे संपले हे खरे. प्रशस्तीतली बाकीची विधाने मात्र तितकी टिकत नाहीत. गौतमीपुत्राने वर्णसंकर थांबवला असे त्याच लेखात म्हटले आहे. पण कान्हेरीच्या लेखावरून वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी एका महाक्षत्रपाची, बहुधा रुद्रदामनची, कन्या होती हे दिसते. दक्षिणेच्या सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे आपण उखडून टाकले नाही, असे रुद्रदामनही सांगतो. पह्लवांच्या संहाराचे तर विचारूच नये. बलश्रीचा लेख पुळुमावीच्या १९ व्या वर्षीचा. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, त्याच पुळुमावीच्या २४ व्या वर्षी, कार्ल्याच्या डोंगरात सेतफरणाचा पुत्र हरफरण नावाचा एक उपासक महासांघिकांना नऊ खोल्यांचा मंडप अर्पण करतो. या नावांतला ‘फरण’ हा इराणी राजतेजाचा शब्द आहे, गोंडोफेरसच्या नावात असलेला. हा गृहस्थ पार्थियन वळणाचे नाव न लपवता, सातवाहन राजाचे राज्यवर्ष घालून, दान देतो. जुनागढचे सुदर्शन धरण दुरुस्त करणारा रुद्रदामनचा अधिकारी सुविशाख हाही पह्लवच. शिल्लक न उरलेले लोक बरेच कामात होते म्हणायचे.

आपल्या पंचांगात तर हे दोन्ही शत्रू एका समासात बांधले गेले आहेत. इ. स. ७८ पासूनची गणना चष्टनाच्या वंशातील क्षत्रपांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून रूढ केली. तिच्यापुढे शालिवाहनाचे नाव कित्येक शतकांनंतर चिकटले. लग्नपत्रिकेवर ‘शालिवाहन शके’ लिहिताना आपण गौतमीपुत्राचा ठसा आणि त्याखालचा मुखवटा दोन्ही छापत असतो.

हा सगळा नाशिक-जुन्नरकडचा मामला आहे, आपल्या विदर्भाचा यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. नागपूरच्या आग्नेयेस, भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. १९६९-७० मध्ये तेथील जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात मोठा स्तूप उघडा झाला, आणि पवनीचे नाव बौद्ध केंद्र म्हणून सर्वतोमुखी झाले. पण याच गावात महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा एक स्मारकस्तंभ मिळाला आहे, याची चर्चा अभ्यासकांबाहेर कमीच होते. नागपुरात आयुष्यभर संस्कृत शिकवणाऱ्या म. म. वा. वि. मिराशींनी या लेखाकडे लक्ष वेधले. त्यांचा ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ हा १९७९ चा ग्रंथ मराठीत या विषयाचा आजही पाया आहे, कालनिर्णयाविषयी मतभेद झाले तरी. मिराशींनी शीर्षकात सातवाहनांच्या बरोबरीने क्षत्रपांना स्थान दिले, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

रुपिअम्म हे नाव ना सातवाहनांच्या वळणाचे, ना नहपानाच्या नाण्यांतून ओळखीचे. पण ‘महाक्षत्रप’ हा शब्द वैनगंगेच्या काठी दगडावर कोरलेला आहे, तेव्हा भडोच-नाशिकची ती सत्ता किंवा तिचा एखादा फाटा इतक्या पूर्वेपर्यंत पोहोचला होता हे मानणे भाग आहे. लेख काही शब्दांचाच आहे : पदवी, नाव, आणि हा त्याचा छायास्तंभ आहे एवढेच. ‘छाया’ म्हणजे येथे प्रतिमा. नाशिकला ज्या घराण्याच्या मुखवट्यावर ठसा मारला गेला, त्याच पदवीच्या एका माणसाची छाया पवनीला कोणी उभी केली, आणि तिच्यावर दुसरा ठसा मारायला कोणी आले नाही.